शौच, शोक आणि कॅल्शियम

प्रश्न असा आलाय की रिपोर्टवर 'फीकल कॅल्प्रोटेक्टिन' वाढलेलं दिसतंय, तर हे शौचातलं कॅल्शियम का, आणि त्याला 'आतड्याला सूज' म्हटलं तर चालेल का.

कॅल्शियम नाही हो! 'कॅल' दिसलं की लगेच 'कॅल्शियम वाढलंय, गोळ्या बंद करा' सांगत सुटणारे इतके भेटतात की डोकं फिरतं. हे प्रोटीन आहे, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीत ठासून भरलेलं. कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून 'कॅल', आणि झिंक, मँगॅनीज स्वतःच गिळून बसतं, जंतूंची उपासमार होते, म्हणून 'प्रोटेक्ट'. १९८० मध्ये नॉर्वेत सापडलं तेव्हा नाव नुसतं 'एल१' होतं, हे बारसं नंतरचं. आतड्यात गडबड झाली की न्यूट्रोफिल तिकडे धावतात, तिथून शौचात उतरतात, आणि हे प्रोटीन पटकन नासत नाही म्हणून लॅबमध्ये मोजता येतं. ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असलं तर साधारण नॉर्मल धरतात. वाढलं म्हणजे लगेच क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याचे जुनाट आजार) असंही नाही, पेनकिलर आणि इन्फेक्शननेही वाढतं, ते डॉक्टर बघतील.

आता 'सूज'. इंग्रजीत ज्याला 'इन्फ्लमेशन' म्हणतात त्याची लाली, सूज, उष्णता, वेदना ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकातच लिहून ठेवलीयत, त्यातलं एक उचलून अख्ख्या प्रकाराला कशाला देता? 'शोथ' म्हणा असा आग्रह धरणारे परिभाषावाले तर कमालच करतात, शोथ म्हणजे संस्कृतात सूजच की, नुसता कोट बदलला. 'जळजळ' पण नको, ती पेशंटला जाणवते, आणि इथे काहीच जाणवत नसतानाही आकडा वर असू शकतो. सरळ 'दाह' म्हणा. लॅटिनमध्ये 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणं, आपल्याकडे 'दह्' म्हणजे जाळणं, चपखल बसतं.

पण खरी गंमत 'शौच' शब्दात आहे, जो काही लोकांना अशुद्ध वाटतो आणि ते 'मल तपासणी'च म्हणा म्हणून हटून बसतात. (मल म्हणजे कुठलाही मळ, कानातलासुद्धा!) शौच आलं शुचि वरून, आणि शुचि आलं 'शुच्' धातूवरून, ज्याचा अर्थ चकाकणं, पेटणं, जळणं. अमरकोशात शुचि हे अग्नीचं नाव आहे आणि आषाढाचंही. झळाळणारं ते स्वच्छ, स्वच्छ ते शुद्ध, म्हणून योगसूत्रातल्या पाच नियमांत शौच पहिलं, तिथे त्याचा अर्थ शुद्धी. मग शुद्धीसाठी जे आधी उरकावं लागतं त्यालाच लाजेकाजेने हा शब्द चिकटला आणि आता तर डबीत भरून लॅबला देतो त्या वस्तूलाही आपण तेच म्हणतो. आणि 'शोक'? तोही त्याच शुच् चा, वेदात शोक म्हणजे ज्वाळा, आतून जळणं ते दुःख हे नंतर. म्हणजे जी तपासणी आतड्यातला दाह शोधते तिच्या नावातच मुळात आग आहे! हा योगायोग आहे हे मलाही कळतं, व्युत्पत्तीवाले नाकं मुरडतील, मुरडू देत, पण 'मल' मध्ये ही मजा कुठाय ते दाखवा आणि मग बोला.

हां, तर मूळ प्रश्न. कॅल्प्रोटेक्टिन हे नाव तसंच ठेवा, ओढूनताणून मराठी करू नका, आणि वाक्य करायचंच तर 'शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन वाढलंय, आतड्यात दाह असू शकतो'. कधी कधी सोबत लॅक्टोफेरिन नावाचं दुसरं प्रोटीन पण मोजतात, तर त्यात 'लॅक्टो' दिसलं म्हणून उद्यापासून दूध तोडू नका, ते आधी दुधात सापडलं एवढंच, इथे मोजतात ते न्यूट्रोफिलमधलंच.