"मॅडम, आम्ही जैन आहोत, पोराला सैन्यातून सूट मिळंल का?"

डिसेंबरच्या सुट्टीत सिंगापूरहून सांगलीला आलेली फॅमिली, तिकडं मुलग्यांना सैन्यात जावंच लागतं. आजोबा, आजी, आई आणि सोळा वर्षांचा मुलगा, चौघं एकदम माझ्या काउन्सेलिंगच्या केबिनमध्ये आले, खुर्च्या तीनच, मुलगा उभा राहिला. वडिलांना तिकडं रजा नव्हती. आईनं बसता बसताच फाइल उघडून टेबलावर एक कागद ठेवला. बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कमिटीचं लेटरहेड, खाली गोल शिक्का. मजकूर असा की सदर मुलगा जन्माने दिगंबर जैन असून अहिंसा हे आमच्या धर्माचं मूळ तत्त्व आहे, सबब त्यास लष्करी सेवेतून सूट मिळावी ही विनंती. आता हे इंग्लिशमध्ये करून घ्यायचं आणि त्याला "मुलाची मानसिक तयारी नाही" असं माझं एक सर्टिफिकेट जोडायचं, मग काम होईल ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

हा प्रश्न घेऊन येणारे हे काय पहिलेच नाहीत, म्हणून लिहितेय. घरच्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सर्टिफिकेटचं आधी सांगून टाकलं, मिळणार नाही. मुलगा ठणठणीत आहे आणि एखाद्याला शस्त्र नको वाटणं हा काही आजार नव्हे, तो कागद मी केला असता तर त्याची श्रद्धाही खोटी ठरली असती आणि तब्येतही.

कायद्याचं म्हणाल तर मी वकील नाही, पण अशा केसेस येतात म्हणून माहिती काढून ठेवलीय. सिंगापूरमध्ये १९६७ पासून नॅशनल सर्व्हिस सक्तीची आहे, नागरिक मुलग्यांना तर आहेच पण आईवडिलांमुळं पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळालेल्या मुलग्यांनाही आहे (हा मुलगा त्यातला), साडेसोळाला नोंदणी, अठरा झाले की दोन वर्षं पूर्णवेळ, आणि पुढं चाळिशीपर्यंत अधूनमधून बोलावणं. धर्मामुळं सूट हा प्रकारच तिथं नाही. यहोवाचे साक्षीदार म्हणून ख्रिश्चनांमधला एक पंथ आहे, ते लोक शस्त्र धरत नाहीत, त्यांच्या संघटनेची नोंदणी तिथल्या सरकारनं १९७२ मध्येच रद्द केली आणि त्यांची पोरं नकार देतात ती लष्करी कोठडीत जातात. आजी म्हणाल्या मग इथंच ठेवून घेऊ की आमच्याकडं, विलिंग्डन कॉलेजला ॲडमिशन घेऊ. तेही सोपं नाही, तेराव्या वर्षानंतर तीन महिने किंवा जास्त बाहेर राहायचं तर एक्झिट परमिट लागतं, आणि सरळ चुकवलं तर दहा हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पीआर सोडता येतो, पण मग पुढं शिकायला किंवा नोकरीला परत तिकडं जायचं म्हटलं तर ते नडतं आणि आईवडिलांच्या परमिटच्या रिन्यूअललाही त्रास होऊ शकतो. हे ऐकल्यावर आईचा चेहरा पडला, कारण फ्लॅटचा हप्ता चालू आहे.

आजोबांनी युट्युबवर कोरियाचं बघितलं होतं. खरंय ते, दक्षिण कोरियात २०१८ मध्ये कोर्टानं धर्म-विवेकाचं कारण मान्य केलं आणि २०२० पासून पर्यायी सेवा सुरू झाली, पण ती तुरुंगात राहून काम करायची, ३६ महिने, म्हणजे साध्या शिपायाच्या दुप्पट. आणि मुद्दा असा की जिथं सूट आहे तिथं बऱ्याच ठिकाणी समिती त्या मुलालाच बसवून विचारते. ब्रिटनमध्ये १९१६ ला सक्तीची भरती आली तेव्हा ट्रायब्युनलसमोर पोरं स्वतः उभी राहायची आणि त्यांना विचारायचे, तुझ्या बहिणीवर शत्रू धावून आला तर काय करशील. उत्तर त्याचं त्यालाच द्यावं लागायचं.

आणि इथं अर्धा तास झाला तरी मुलगा एक शब्द बोलला नव्हता.

(आपल्याकडं पण हे येणार का, असं आजींनी मध्येच विचारलं. भारतात सक्तीची भरती नाही, अग्निवीरला पोरं स्वतःहून रांगा लावतात. राज्यघटनेच्या कलम २३ मध्ये सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा सरकारला आहे खरी, पण त्यात धर्म-जात बघून भेद करता येणार नाही असंही तिथंच लिहिलंय. म्हणजे उद्या आलीच तरी "आम्ही अमुक धर्माचे" एवढ्यावर कितपत भागेल, शंकाच आहे.)

बाकीच्यांना बाहेर चहाला पाठवलं. मुलगा अर्धं मराठी अर्धं इंग्लिश बोलत होता, मला आंटी म्हणत होता. त्याचं म्हणणं, वर्गातली सगळी मुलं जाणार आहेत, केस कापायचे, धावायचं, जंगलात झोपायचं, त्याचं काही नाही, उलट मी एकटाच सुटलो तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल. मग थोडा वेळ नुसता पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलत बसला, सगळं निघाल्यावर म्हणाला, पण आंटी रायफल रेंजवर टार्गेट माणसाच्या आकाराचं असतं. मला ते नाही जमणार असं वाटतं. आणि हे माझ्या धर्मामुळं आहे का मी घाबरट आहे, ते मला कळत नाही.

मी म्हटलं दोन्ही असू शकतं, आणि एकामुळं दुसरं खोटं ठरत नाही. मुनी महाराजांना पण थंडी वाजतच असणार ना. तो हसला, पहिल्यांदाच.

मग त्यानं खरी गोष्ट काढली. आदल्या दिवशी अण्णांबरोबर, म्हणजे आजोबांबरोबर, तासगावकडच्या द्राक्षबागेत गेला होता, थ्रिप्स किडीसाठी फवारणी चालू होती, यानं विचारलं अण्णा ही हिंसा नाही का, तर अण्णा म्हणाले शाळेतलं शानपण इथं नको. तो प्रश्न त्याला सतावत होता, सैन्यापेक्षा जास्त. मी म्हटलं त्यांना आत बोलावूया आणि परत विचार, माझ्यासमोर.

विचारलं त्यानं. अण्णा बराच वेळ गप्प. सून "असू द्या मामा" म्हणून सावरायला गेली, त्यांनी हातानं थांबवलं. मग सांगायला लागले, आणि खरं सांगते, त्या दिवशी माझ्यापेक्षा चांगलं काउन्सेलिंग त्यांनी केलं. म्हणाले, बाळा, हिंसा चार प्रकारची. ठरवून, मारायच्याच इराद्यानं केलेली ती संकल्पी, ती श्रावकानं, म्हणजे आपल्यासारख्या संसारी जैनानं, करायचीच नाही. घरात चूल पेटवताना, झाडताना होते ती आरंभी. शेती-धंद्यात होते ती उद्योगी, माझी फवारणी त्यातली, पाप नाही असं नाही, पण संसारी माणसाची त्यातनं सुटका नाही. आणि चौथी विरोधी, कुणी अंगावर आलं तर स्वतःच्या, दुसऱ्याच्या रक्षणासाठी. मुनींना चारही बंद, आपल्याला पहिली.

मुलगा म्हणाला, मग सैन्य चौथीत येतं?

अण्णांना हे अवघड गेलं, दिसत होतं. श्रवणबेळगोळचा बाहुबली ज्यानं घडवून घेतला तो चामुंडराय गंग राजांचा सेनापतीच होता, हे त्यांनीच आठवून सांगितलं, २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला नातवाला घेऊन गेले होते ते. पण लगेच म्हणाले, तो आपल्या राजाचा सेनापती होता, हा दुसऱ्याच देशाच्या सैन्यात कशाला? तर मुलगा म्हणतो अण्णा मी तिथं तीन वर्षांचा असल्यापासून राहतोय. आणि बाहुबलीनं तर भावाबरोबर, भरताबरोबर, सैन्य न लढवता दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध केलं, ते कुठल्या प्रकारात? यावर अण्णांकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडं तर नव्हतंच, पण नातू-आजोबा इतकं बोलले हे आईनं पहिल्यांदाच बघितलं असं ती नंतर म्हणाली.

पुढं काय ठरलं? तिथं सगळेच पायदळात जात नाहीत, काहींना पोलिसात तर काहींना सिव्हिल डिफेन्समध्ये पाठवतात, म्हणजे आग विझवणं, ॲम्ब्युलन्स. आवड नोंदवता येते, मिळेलच असं नाही. मुलानं स्वतः ठरवलं की ॲम्ब्युलन्स मागायची आणि कारण विचारलं तर स्वतःच्या शब्दांत सांगायचं, लेटरहेड न लावता. आजींची काळजी शेवटपर्यंत वेगळीच, कांदा-बटाटा टाकतील का आणि दिवसाउजेडी जेवायला मिळंल का. शाकाहारी जेवण मिळतं तिथं, कंदमुळांचं आणि सूर्यास्ताचं मात्र त्याला स्वतःलाच बघावं लागेल.

आईनं विचारलं, आणि पायदळच मिळालं तर? तर त्या दिवशी दोनच वाटा असतील, जायचं नाहीतर नकार देऊन शिक्षा भोगायची. मी दोन्हींतली कुठली बरी हे सांगितलं नाही, विचारलं तरी सांगणार नाही. एवढंच म्हटलं की तो जे करेल त्याला पळपुटा किंवा धर्मबुडवा असं घरातलं कुणी म्हणणार नाही हे आत्ताच ठरवा, नातेवाइकांनाही तसंच सांगा. अण्णांनी मान हलवली. आईचं अजून पटलेलं नाही, तिच्याशी ऑनलाइन बोलणं चालू आहे.

धाकटा अकरा वर्षांचा आहे, त्याचाही पीआर आहे, म्हणजे अजून दोन वर्षांत एक्झिट परमिट, मग पुढचं सगळं. पुढच्या कॉलला त्यालाही बसवा म्हटलं. आई म्हणाली, त्याला काय कळतंय मॅडम. म्हटलं बसवा.