कुलगुरू व्हायचंय ना? मग आधी घरकुलात जाऊन ये

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

एम. ए. झालीस, नेट परीक्षेचा अभ्यास धरलास, आणि पुढेमागे एखादं विद्यापीठ चालवायला आवडेल असं बिनधास्त लिहिलंस. बरं वाटलं. आपल्याकडे पोरं तहसीलदार व्हायचंय हे छातीठोकपणे सांगतात, कुलगुरू व्हायचंय म्हणायला मात्र लाजतात.

अर्थशास्त्राचा माणूस त्या खुर्चीपर्यंत कसा जातो, असं तू विचारतेस. ठरलेली वाट नाही. धनंजयराव गाडगीळ १९३० पासून पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक होते. पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद आलं ते १९६६ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. नरेंद्र जाधव २००६ मध्ये त्याच खुर्चीवर बसले, तेही रिझर्व्ह बँकेतल्या तीन दशकांच्या नोकरीनंतर. तेव्हा अमुक वर्षी असोसिएट प्रोफेसर, तमुक वर्षी प्रोफेसर असं कोष्टक आखून भिंतीवर चिकटवू नकोस.

गाडगीळांचं नाव मुद्दाम घेतलं. त्यांनी आणि त्यांच्या संस्थेने आपल्या सोलापूरची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. ती १९६५ मध्ये छापून आली. म्हणजे कुलगुरू होण्याच्या आदल्या वर्षापर्यंत हा माणूस आपल्या गावाच्या आकड्यांत बुडालेला होता. तुझी तयारी तिथून सुरू व्हावी असं मला वाटतं.

पीएच.डी.चा विषय ठरायच्या आधी बिडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत आठवडाभर जा. तेलुगू येणारी मैत्रीण सोबत घे. 'महिन्याची मिळकत किती?' हा प्रश्न विचारूच नकोस. मजुरी हजार बिड्यांमागे असते, तिथून सुरुवात कर. मग विचार, कारखान्यातून मिळालेल्या तेंदूच्या पानात हजार बिड्या होतात का? कमी पडली तर बाजारातून पान कोण आणतं, कोणाच्या पैशाने? छाट म्हणून, म्हणजे नापास ठरवून, किती बिड्या बाजूला पडतात? वळायला बसताना पोरगी शाळेतून उठवली का? एवढं विचारून झालं की तक्त्यातला मजुरीचा दर आणि त्या बाईच्या हातात पडणारी रक्कम यांतला फरक तुला कोणी शिकवायला नको.

विद्यापीठातही हेच आहे गं. हिशेबाच्या वहीत परीक्षा शुल्क दिसतं. करमाळ्याच्या पोराच्या गुणपत्रिकेत नाव चुकलं, तर तो एसटीने केगावला, विद्यापीठात येतो, खिडकीवर 'साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या' ऐकतो, आणि परत जातो. त्याचं भाडं, बुडालेला रोज, हुकलेली नोकरी यांतलं काहीच बजेटात येत नाही. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं, त्याआधी आपली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाकडे होती आणि हाच हेलपाटा कोल्हापूरपर्यंत पडायचा. एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ कशाला, म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते. त्यांनी हे भाडं कधी मोजलं नव्हतं.

न दिसणारा खर्च शोधायची सवय हीच आपल्या विषयाची खरी कमाई. पण आपल्या लोकांना एक खोडही असते, जिथे तिथे 'परवडत नाही' म्हणायची. ज्या विषयाला चारच पोरं येतात तो बंद करा, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही, कारकूनही सांगेल. सोलापुरात कन्नड किंवा उर्दूचा वर्ग चालू ठेवायचा की नाही, हे निव्वळ पटसंख्येवर ठरवणाऱ्या माणसाला मी तरी कुलगुरू करणार नाही. (माझ्या हातात नाही, ते सोड. शोध समिती नावं सुचवते आणि कुलपती म्हणून राज्यपाल नेमतात.)

कुलगुरूच्या मुदतीचंही बघून ठेव. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे पाच वर्षं किंवा वयाची पासष्टी, जे आधी येईल ते. पहिलं वर्ष माणसं ओळखण्यात जातं, शेवटच्यात कोणी ऐकत नाही. मधल्या काळात निकाल वेळेवर लावलेस तरी पुष्कळ झालं. कायदा तीस दिवस म्हणतो, फार तर पंचेचाळीस. मोठमोठ्या इमारतींची भूमिपूजनं करणाऱ्यांचेही निकाल रखडलेले मी पाहिलेत.

सध्या एवढंच कर. विद्यापीठाचा अर्थसंकल्प मिळव, अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, मांडतात तो. संलग्नता शुल्क, परीक्षा शुल्क आणि शासनाचं वेतन अनुदान वेगवेगळ्या रंगांत रंगव आणि रविवारी घेऊन ये. परीक्षा विभागाच्या पानापासून बसू. जेवायलाच ये, काकू शेंगाची पोळी करणार आहे.

तुझा,
सर