गाडी धुतल्यावरही रंग हाताला खरखरीत लागतो. क्ले बार वापरू का? ओरखडे जातील का?

वापरा, पण ओरखडे त्याने जात नाहीत. त्यासाठी पॉलिशच लागतं. क्ले बार, म्हणजे मळता येणारी मऊ वडी, रंगात रुतून बसलेली घाण ओढून काढतो: ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण, झाडाचा चीक, उडालेल्या रंगाचे शिंतोडे. शाम्पूने हे निघत नाही.

आधी खात्री करा. धुऊन कोरड्या केलेल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा. नुसत्या हाताला न कळणारी कचकचही लगेच जाणवते.

गाडी सावलीत, पत्रा गार हवा. साधारण दोन फुटांचा चौकोन घ्या, ल्युब्रिकंट, म्हणजे वडी सरकावी म्हणून लावायचा निसरडा द्रव, भरपूर मारा (यात कंजूषी केलीत तर रंगावर चरे पडलेच समजा) आणि क्लेची चपटी वडी अगदी हलक्या हाताने सरळ रेषेत मागे-पुढे फिरवा. गोल गोल नको. सुरुवातीला वडी अडखळते, खर्र खर्र आवाज येतो. मग ती आपोआप सुळकन सरकायला लागते. तिथेच थांबा, पुसून घ्या. वडी उलटून बघा, तपकिरी डाग दिसतील. दुमडून, मळून स्वच्छ बाजू वर आणा.

वडी जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्या. जीव तुटतो, मान्य आहे, पण तिला चिकटलेला एक खडा अख्खं दार खराब करतो.

क्लेने जुनं वॅक्सही निघतं, त्यामुळे शेवटी रंगाला संरक्षण देणारं वॅक्स किंवा सीलंट लावाच. आणि खरखर नसेल तर क्ले लावूच नका.