'ब्रॉडकास्ट न्यूज'मधल्या टॉमची भावना खरी होती, मग जेन एवढी का चिडते?

तुमचं म्हणणं असं की या सिनेमात मुलाखत देणाऱ्या तरुणीची हकिकत ऐकून टॉमला खरंच वाईट वाटलं होतं, मग डोळ्यांतलं पाणी नंतर कॅमेऱ्यासमोर आणलं म्हणून काय बिघडलं? माझ्या मते फार बिघडलं, आणि त्याला खरंच वाईट वाटलं होतं की नाही याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

सिनेमा न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. जेम्स एल. ब्रुक्सचा हा १९८७ चा विनोदी सिनेमा अमेरिकेतल्या एका टीव्ही नेटवर्कच्या वॉशिंग्टन ब्यूरोत घडतो. विल्यम हर्टचा बातमीदार टॉम देखणा आहे, कॅमेऱ्यासमोर सहज वावरतो, पण बातमीतलं त्याला फारसं कळत नाही आणि ते तो मान्यही करतो. ओळखीच्याच माणसाने बलात्कार केलेल्या एका तरुणीची तो मुलाखत घेतो, आणि ती बोलत असताना त्याचे डोळे भरून आलेले दिसतात. प्रोड्युसर जेनलाही (हॉली हंटर) तो भाग भिडतो. पुढे त्यांचा सहकारी बातमीदार आरन (अल्बर्ट ब्रुक्स) तिच्या लक्षात आणून देतो की तिथे कॅमेरा एकच होता. ती मूळ टेप काढून बघते, तर टॉम नंतर कॅमेऱ्यासमोर डोळ्यांत पाणी आणत असतो.

मी बातम्यांच्या एडिटिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे हा प्रसंग मला जवळचा आहे. कॅमेरा एकच असला की तो मुलाखत देणाऱ्यावर रोखलेला असतो. बोलणं संपल्यावर तो फिरवून बातमीदाराचे प्रश्न, ऐकतानाचा चेहरा, मान डोलावणं हे वेगळं घेतात. बाईट, म्हणजे मुलाखतीतला बोलण्याचा तुकडा, मधून कापला की चित्राला झटका बसतो, तो झाकायला हे कटअवे लागतात. ही पद्धत जुनी आहे आणि ती चालते, कारण डोलणारी मान फारसा दावा करत नाही. 'मी ऐकत होतो' एवढंच ती सांगते, आणि बातमीदार खरोखरच ऐकत होता.

डोळ्यांतल्या पाण्याचं तसं नाही. अमुक वाक्याला समोरचा माणूस हेलावला, ही एक घटना झाली, आणि ती त्या क्षणी घडलेली नव्हती. बोलणाऱ्या मुलीलाही ती दिसली नव्हती. तिचं बोलणं स्वतःच्या बळावर उभं होतं, त्याला टॉमच्या अश्रूंची गरज नव्हती. उलट हा प्रकार उद्या बाहेर आला असता तर लोकांनी आधी तिच्याच हकिकतीवर शंका घेतली असती. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. बनवाबनवी टॉमची आणि किंमत मोजणार ती.

जेनची कसोटी सिनेमात आधीच येऊन गेली आहे. निकाराग्वात एक बंडखोर सैनिक बूट घालायच्या बेतात असतो आणि कॅमेरामन त्याला ते घालायला सांगू लागतो. जेन तिथेच ओरडते, आपण बातमी घडवायला आलेलो नाही, तो काय करतो ते बघू. मग सगळे ताटकळत त्या माणसाकडे बघत बसतात. प्रसंग हसवतो, पण जेन त्यात शंभर टक्के बरोबर आहे. बुटांच्या बाबतीत जी एवढी काटेकोर, ती अश्रूंकडे कानाडोळा कसा करेल?

टॉमला नुसता खलनायक करून मात्र सिनेमा समजत नाही. लिबियाची तातडीची बातमी येते तेव्हा आरन घरून फोनवर माहिती देतो, जेन ती टॉमच्या कानात सांगते आणि टॉम ती उत्तम पोचवतो. तेही कौशल्यच आहे. आरन स्वतः बुलेटिन वाचायला बसतो तेव्हा घामाने निथळतो, त्याची तब्येत ठीक आहे ना म्हणून प्रेक्षकांचे फोन येतात. ज्याला बातमी कळते तो मागे राहतो आणि ज्याला ती शोभते तो वर चढतो. त्यातच ब्यूरोत नोकरकपात होते. ही काही नुसती कल्पना नव्हती, त्याच वर्षी मार्चमध्ये सीबीएस या अमेरिकी टीव्ही नेटवर्कच्या वृत्तविभागाने २०० हून अधिक लोकांना काढलं होतं. अशा ठिकाणी, तुला यासाठी काढायला हवं असं जेन सुनावते, तेव्हा टॉम म्हणतो की अशाच गोष्टींसाठी मला बढती मिळते. दुर्दैवाने त्याचंही खरं आहे.

माझी तक्रार आहे ती जेनविषयी, आणि ती कोणी फारशी करत नाही. ती टॉमसोबत सुट्टीला जायचं नाकारते, नातं तिथेच संपवते. पण मुलाखत पाहिलेल्या प्रेक्षकांना काय सांगितलं? तो शॉट नंतर घेतला होता, अशी दुरुस्ती प्रसारित झालेली सिनेमात कुठेच दिसत नाही. फसवणूक प्रेक्षकांची झाली होती. जेनने तो हिशेब स्वतःच्या आणि टॉमच्या नात्यापुरता चुकता केला, आणि सात वर्षांनी टॉम नेटवर्कचा मुख्य अँकर झालेला असतो.