पायाळू पोर आणि बांधावरचा बोर

प्रश्न : काकू, नमस्कार. माझ्या दोन भावांचं बांधावरून 6 वर्षं बोलणं बंद होतं. भाऊबीजेला मी दोन घरी दोनदा ओवाळायचे. थोरल्याची पोर 9 वर्षांची, पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली; अशांना जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात पाणी बघायला तळहातावर नारळ धरून शिवारात फिरली आणि नेमका बांधावर नारळ उभा राहिला. दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून बोर घेतला, 240 फुटांवर पाणी लागलं. यंदाची येळवस, म्हणजे वेळा अमावास्येची शेतातली पूजा नि जेवण, दोघांची एकाच कोपीत झाली. पण आता पाणी बघायला चला म्हणून गावोगावची माणसं मोटारसायकल घेऊन दारात येतात. एक जण तर गुप्तधनाचं बोलून गेला. दादाला त्यात पैसा दिसतोय. आणि पोर माझ्या कानात म्हणते, "आत्या, नारळ मीच उभा केल्ता. मधात दावलं म्हंजे दोघं बी येतेल." भावांना हे सांगू का?
— एक आत्या, औसा तालुका

उत्तर : ताई, नका सांगू. तिनं ते तुमच्या कानात सांगितलंय. वाटेल तेव्हा बापाला नि काकाला तीच सांगेल.

माझी धाकटी बहीण पायाळू. कुणाच्या पाठीत उसण भरली की गल्लीतली माणसं आमच्या ओसरीवर पालथी पडायची आणि ही ऐटीत पाय लावायची. पण वळवाचं आभाळ गडगडलं की आजी तिला उतरंडीमागं बसवायची, पायाळूवर वीज पडते म्हणून. आज साठी उलटली तरी ढग दिसले की ती खिडक्या लावून घेते. जन्मताना पाय आधी आले, एवढ्यावरून हे सगळं!

पाणी लागलं ते खडकानं. आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी त्याच्या भेगांत नि सांध्यांत. भेग सापडली तर पाणी, थोडं सरकलं तर नुसती धूळ. शेजारी कुणी जास्त खोल बोर मारला की तेही ओढलं जातं. मला धास्ती याचीच वाटते. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तसा एखादा उन्हाळा आला आणि बोर आटला, तर बोल त्या लेकराला लागेल. म्हणून बोर दोघा भावांचा, हे आत्ताच पक्कं करा. पाण्याच्या पाळ्या, मीटर कुणाच्या नावावर, मोटर जळाली तर खर्च कसा, सगळं लिहून काढा. तलाठ्याला विचारून सातबाऱ्यावर इतर हक्कात सामायिक बोराची नोंद लावून घ्या. तोंडी कारभारानं काय होतं ते तुम्ही 6 वर्षं भोगलंय.

गुप्तधनवाल्याला उंबरा ओलांडू देऊ नका. गुप्तधन किंवा पाणी शोधायच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत कैद. असल्या लोकांना पायाळू लेकरं कशाला हवी असतात, ते दादाला स्पष्ट ऐकवा. पाण्यासाठी येणाऱ्यांना लातूरच्या भूजल सर्वेक्षणाच्या ऑफिसची वाट दाखवा.

दादा ऐकत नसेल तर धाकट्याला पुढं करा. "आमची पोर कुठं जायची नाही," असं काकानं चारचौघांत म्हटलं की बापाला नाही म्हणणं जड जाईल. एवढ्यात तर दोघं बोलायला लागलेत.

आणि तो नारळ देव्हाऱ्यात ठेवला असेल, तर पोरीच्या हातानंच फोडून घ्या. नाहीतरी खवट होईल.