पावसात घाट चढताना एबीएस आणि बॅटरीचे दिवे मधूनच का लागतात?

साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरच्या घाटात डॅशबोर्डवरचे एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि बॅटरीचे हे दोन दिवे एकदम लागतात आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की विझतात, असे आपण लिहिले आहे. एकमेकांशी संबंध नसलेले दिवे एकत्र लागत असतील, तर दोन भाग एकाच वेळी बिघडण्यापेक्षा विद्युतदाब घसरल्याची किंवा अर्थची (बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या वायरची) जोडणी सैल असल्याची शक्यता अधिक असते.

दिवा विझला तरी दोषाचा कोड बहुधा गाडीच्या संगणकात साठलेला राहतो, म्हणून कशालाही हात लावण्यापूर्वी डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीतील दोष तपासण्याच्या जोडणीला) कोड वाचणारा स्कॅनर जोडून तो टिपून घ्यावा. बॅटरी काढून 'रीसेट' करण्याचा सल्ला गॅरेजमध्ये उत्साहाने दिला जातो. तो आधीच मानल्यास पुरावाच पुसला जातो.

त्यानंतर बॅटरीच्या टर्मिनलांवरचा (वायरी जोडण्याच्या टोकांवरचा) पांढरट-हिरवट थर साफ करून ती घट्ट बसवावीत आणि मल्टिमीटरने बॅटरीचा विद्युतदाब मोजावा. गाडी काही तास उभी असताना तो सुमारे १२.६ व्होल्ट, तर इंजिन चालू असताना साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. हेडलाइट, वायपर आणि एसी एकदम लावल्यावर तो १३च्या खाली घसरत असेल, तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) आणि त्याचा पट्टा तपासावा, कारण सैल झालेला पट्टा ओला झाला की घसरतो. कोड एखाद्या चाकाच्या सेन्सरचा निघाल्यास तिथला चिखल आणि वायरचा कनेक्टर पाहावा.

ऑइलच्या दाबाचा लाल दिवा मात्र क्षणभर लागला तरी गाडी सुरक्षित जागी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे.