खुब्याचे ऑपरेशन झाले, आता पावडरीचा डबा आणावा का?

प्रश्न : माझ्या आईचे वय ७९ वर्षे असून वजन ४८ किलो आहे. तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले व शस्त्रक्रिया करावी लागली. वॉकर धरून ती खोलीत चालते, पण दोन-चार घासांपलीकडे जेवत नाही. आम्ही पायासूप देतो, शेजारच्या काकू डिंकाचे लाडू सुचवतात आणि औषधाच्या दुकानदाराने प्रोटीन पावडर दिली आहे. तिला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. पावडरीने खरोखर फरक पडतो का? – एक वाचक, सातारा

उत्तर : पडू शकतो, पण डब्यावरील जाहिरात सांगते तितका नाही. खुब्याच्या अस्थिभंगानंतरच्या पोषणावरील ४१ चाचण्यांचा, म्हणजे सुमारे ३,९०० वृद्ध रुग्णांचा, एकत्रित आढावा वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली घेतला. ऊर्जा, प्रथिने, जीवनसत्त्वे आणि क्षार एकत्र असलेली पेये शस्त्रक्रियेच्या आगेमागे सुरू केल्यास गुंतागुंत कमी होत असावी, मात्र मृत्यूचे प्रमाण घटल्याचे स्पष्ट दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि मूळ चाचण्यांचा दर्जा यथातथाच होता, हेही त्यात नोंदवले आहे.

मला त्याहून बोलका वाटतो तो वेल्समधील कार्डिफच्या रुग्णालयातील प्रयोग. तेथे खुबा मोडलेल्या सुमारे तीनशे वृद्ध स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांजवळ आहारसाहाय्यक नेमले होते. रुग्णाला काय आवडते ते विचारणे, तिला नीट उठवून बसवणे, आर्जवाने भरवणे, एवढेच त्यांचे काम. या स्त्रियांच्या पोटात दिवसाला सरासरी १,१०५ कॅलरी गेल्या, तर इतरांच्या पोटात ७५६. आणि चार महिन्यांत त्यांच्यातील १३.१ टक्के, तर इतरांतील २२.९ टक्के स्त्रिया दगावल्या. तेव्हा पावडर आणण्याआधी आईच्या ताटाशी अर्धा तास कोण बसणार, हे घरात ठरवा. कवळी सैल झाली आहे का, वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही का, हेही पाहा. भूक मरण्याची कारणे बहुधा अशीच साधी असतात.

आजारपणात वृद्धांना दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुमच्या आईंना दिवसाला ५८ ते ७२ ग्रॅम. पेलाभर दुधात ६-७, एका अंड्यात ६ आणि ५० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे ९ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे चार घासांत हा हिशेब जुळणे कठीणच. पायासूपात बहुतांश पाणी आणि जिलेटिन असते, जे प्रथिन म्हणून अपुरे आहे; ते आवडीने पीत असतील तर द्या, पण त्याने पोट भरू देऊ नका. डिंकाच्या लाडवात तूप आणि गूळ मुबलक असल्याने ऊर्जा भरपूर मिळते, मात्र मधुमेहात तो अर्धाच पुरे.

पावडर घ्यायचीच असेल तर डब्याची मागची बाजू वाचा : एका मात्रेत प्रथिने किती आणि साखर किती? युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या शिफारशीनुसार अशा पूरक पेयांतून रोज किमान ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिने मिळावीत. पेय दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, थोडे थोडे द्यावे. जेवणाऐवजी दिल्यास उरलीसुरली भूकही जाते. मधुमेहामुळे मूत्रपिंडावर परिणाम झाला असण्याची शक्यता लक्षात घेऊन क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणारी रक्ततपासणी) तपासून, डॉक्टरांना विचारूनच प्रथिने वाढवावीत. पिताना ठसका लागत असेल तर पेय थांबवून डॉक्टरांना कळवा.

तुम्ही विचारलेले नाही, पण एक गोष्ट आजच करा. खाणे एवढे कमी झालेले असताना मधुमेहाच्या काही गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवल्या तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते, चक्कर येते आणि नुकताच बसवलेला खुबा घेऊन माणूस पुन्हा पडतो. घरच्या ग्लुकोमीटरवर साखर पाहा आणि ते आकडे डॉक्टरांना सांगून गोळ्यांची मात्रा ठरवून घ्या.